न पाहिलेला ठिपका

प्रताप नगर, नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय पियुष,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडायचं तर दुसरा कागद घ्यावा लागेल, म्हणून राहू देते.

इकडे सगळे बरे आहेत. थंडी सुरू झाली. आईनं सगळे स्वेटर गच्चीवर उन्हात टाकलेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला घरातली प्रत्येक वस्तू उन्हात टाकायची असते. मागच्या आठवड्यात तुझी आई कुहीहून येऊन गेली. नवा तांदूळ आणला होता, आमचं स्वयंपाकघर दोन दिवस त्याच्याच वासानं भरलेलं होतं. ती आणखी कशासाठी आली होती ते तुला माहीत आहे. त्याबद्दल मी आज लिहिणार नाही.

हातानं पत्र लिहून त्याचे फोटो मेलवर पाठवतेय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हे एमएस्सीपासून चालत आलंय. मेसेजवर माझी एक ओळ पूर्ण व्हायच्या आत तुझ्या तीन येतात. इथं तुला मध्ये बोलता येणार नाही.

तू विचारलंस, "फोन काहून कट केला? नेट गेलं का?"

नेट नव्हतं गेलं गा.

त्या मंगळवारी दुपारी मी लॅबमध्ये एकटी होते. कामिनी जेवायला गेली होती. कामिनी म्हणजे गावंडे सरांची पीएचडीची नवी विद्यार्थिनी, तू जर्मनीला गेल्यापासून तुझ्या टेबलावर तीच बसते. हेलियमनं क्रायोस्टॅटची पेटी थंड होऊन स्थिरावली होती. आत तेच आपलं टंगस्टन डायसेलेनाइड, एकाच थराचं, खाली ते बारीक खांब, आणि खांबांच्या टोकांवर तंबूच्या कापडासारखा ताणलेला तो थर. चमकणारे ठिपके मला दोन वर्षं दिसतच होते. भुरकट, पसरट, मोजायला घेतलं की विझणारे. त्या दिवशीचा वेगळा होता. वर्णपटात त्याची रेष बारीक होती आणि तो बराच वेळ टिकला. मी त्याचा प्रकाश अर्धा एका डिटेक्टरकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे वळवला आणि मोजणी सुरू केली.

ग्राफ दोन्ही बाजूंनी भरत गेला. मधली, शून्य सेकंदांच्या फरकाची जागा भरेचना. दोन्ही डिटेक्टर एकाच क्षणी वाजतच नव्हते. म्हणजे त्या ठिपक्यातून एका वेळी प्रकाशाचा एकच कण सुटत होता, आणि एक कण दोन्हीकडे जाणार कसा? कामिनी जेवून परत आली तेव्हा शून्यापाशी खोल खड्डा पडला होता आणि मी खुर्चीत बसून रडत होते. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं काहीतरी फुटलं.

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि पहिला फोन तुला केला. सरांना केला नाही, आईलाही केला नाही. तुला केला.

म्हटलं, "पियुष, आला गा! खड्डा आला! बरोबर शून्यावर!"

आणि तू म्हणालास, "म्हणजे ते खरंच असते?"

नंतर तू घाईघाईनं अभिनंदन केलंस, ग्रेट म्हणालास, कोणत्या खांबावर दिसला ते विचारलंस. माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही, मी फोन कट केला. तुझ्या पेपरमध्ये तोच ग्राफ आहे, पियुष. त्याच लॅबमधला, तसल्याच खांबावरचा, सुरेख खोल खड्ड्याचा. त्या पेपरवर तुला जर्मनीची पोस्टडॉकची नोकरी मिळाली. ज्यानं ते स्वतः मोजलं तो माणूस "खरंच असते?" असं विचारेल का?

तू ते मोजलंच नव्हतंस. बनवलंस.

दोन वर्षं मी काय ऐकलं ते तुला ठाऊक आहे, कारण दर रविवारी मी तुलाच सांगत होते. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "पियुषला पहिल्याच वर्षी जमलं. तुझा हात जड आहे." मी थर सोलायची चिकट टेप बदलली, खांब बदलले, थर उचलायची पद्धत बदलली. माझ्या प्रगतीच्या अहवालावर 'समाधानकारक नाही' असा शेरा आला. घरी आईला सांगून टाकलं होतं की माझ्यात तो गुण नाही, कुठंतरी कॉलेजात शिकवायला लागते. आई म्हणाली, "तू म्हणशील तसं." आणि आत जाऊन बसली. 

आणि तू? "धीर धर वं, हर्षे. लेसरची अलाइनमेंट पुन्हा पाहा."

अलाइनमेंट! तू मला अलाइनमेंट पाहायला सांगत होतास! जे तू कधी पाहिलं नाहीस ते मला दिसत नव्हतं, म्हणून मी रडत होते, आणि तू तिकडे बसून माझ्या चुका शोधत होतास! एकदा, एका रविवारी, नुसतं म्हणाला असतास, "सोड, ते माझंही झालं नव्हतं." मी कोणाला सांगितलं नसतं. तेव्हा नसतं सांगितलं.

आता सांगेन. सरांनी तुझा ग्राफ कामिनीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलाय आणि तिला म्हणालेत, "इतका स्वच्छ यायला पाहिजे." माझासुद्धा तितका स्वच्छ आलेला नाही. कोणाचाच येणार नाही. ती पोरगी पुढची चार वर्षं त्या कागदाकडे पाहत बसेल.

जर्नलच्या संपादकांना तू स्वतः लिही. हा महिना मी थांबते.

मला तुझी माफी नको. उत्तर पाहिजे.

हर्षा


प्रताप नगर, नागपूर
८ डिसेंबर २०२४

पियुष,

तुझी मेल मिळाली. आई ठीक आहे. तुझी आई काल पुन्हा येऊन गेली, तब्येतीनं बरी वाटली, बाकी बरी नव्हती. पुढे लिहिते.

तू लिहितोस, हेलियम संपलं होतं. जर्नलच्या परीक्षकांनी तेवढं एक मोजमाप मागितलं होतं आणि सरांना महिनाअखेर उत्तर पाठवायचं होतं. बाहेरच्या लॅबमध्ये हे आधीच दिसलं होतं, तेव्हा आपल्या सॅम्पलमध्येही असणारच होतं. "मी फक्त वाट नाही पाहिली." पुढे लिहितोस, "आणि आता तर तूच सिद्ध केलंस की मी बरोबर होतो."

हे वाक्य वाचून मी फोन टेबलावर आपटला आणि आई धावत आली.

मी तुला सिद्ध करायला बसले होते का? उन्हाळ्यात कूलरशिवायच्या त्या खोलीत, काळ्या पडद्याआड, तुला बरोबर ठरवायला?

संपादकांना तू लिहिलं नाहीस. सरांना फोन केलास. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, चहा मागवला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी कधी चहा मागवला नव्हता.

"बैस, हर्षा. पियुषनं घाई केली, मी मान्य करतो. वय असतं. पण आता तुझा डेटा आला आणि निष्कर्ष तोच निघाला. मग पेपर खोटा कसा?"

"सर, ते मोजमाप झालंच नव्हतं."

"आता झालं ना?"

"आता मी केलं. तेव्हाचं कुठे आहे?"

"बेटा, कोणाचं नुकसान झालं त्यात?"

"माझं झालं, सर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही भलतंच बोलले. "तुझं? तुझा तर फायदाच आहे. नवा पेपर काढू. पहिलं नाव तुझं. जुन्याच्या पुढचं पाऊल म्हणून छान बसेल."

"आणि जुना?"

"जुना आहे तिथे राहील."

मी विचारलं, "सर, पेपर पाठवताना तुम्ही मूळ डेटा पाहिला होता?"

ते चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. म्हणाले, "गाइडला विद्यार्थ्यावर विश्वास ठेवावा लागतो."

"माझ्यावर नाही ठेवला, सर."

मी उठून आले. चहा तसाच राहिला. इतका राग मला कधी आलेला नव्हता आणि तो ठेवायला जागाच सापडत नव्हती. मी गाडी काढली आणि लकडगंजपर्यंत उगाच जाऊन आले. तिकडे माझं काही काम नव्हतं. लाकडानं भरलेल्या ट्रकमागे अडकले, हॉर्न वाजवत राहिले. तो ट्रकवाला उतरून आला आणि म्हणाला, "मॅडम, क्या हुआ? कोई बीमार है क्या?" मी हॉर्नवरचा हात काढला. त्यानं ट्रक बाजूला घेऊन मला वाट करून दिली.

आता तुझ्या आईचं. काल ती सकाळच्या बसनं एकटीच आली. मी तिला तुझ्याबद्दल काही कळवलं नव्हतं, हे लक्षात ठेव. तूच घरी फोनवर सांगितलंस की हर्षा तुझी नोकरी घालवायला निघाली आहे.

आत येऊन बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "मले सांग वं पोरी, त्यानं केलं काय? त्याच्या बोलण्यातून मले काही समजत नाही. तो तं रडूनच राहिला."

मी सांगितलं. म्हटलं, मावशी, एक पापुद्रा असतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. त्यावर प्रकाश टाकला की आतला एक कण जागचा उठतो आणि मागे रिकामी जागा राहते. ती दोघं एकमेकांना धरून फिरतात. पापुद्रा जिथे ताणलेला असतो तिथे ती जोडी अडकून बसते आणि पुन्हा एक होताना प्रकाशाचा एकच कण सोडते. बाहेरून तो एक चमकणारा ठिपका दिसतो. तसा एकेकच कण सुटतो का, हे बघायचं काम पियुषकडे होतं. तो म्हणाला, पाहिलं. त्यानं पाहिलं नव्हतं.

तिनं विचारलं, "पण तुले दिसलं म्हणते ना?"

"हो."

"तसंच दिसलं?"

"तसंच."

"मंग तो खोटा कसा?"

सरांचाच प्रश्न. सरांवर मी चिडले होते, तिच्यावर चिडता येईना. म्हटलं, "मावशी, समजा तुमचे जावई दवाखान्यात आहेत. तुम्ही पियुषला म्हटलं, जाऊन पाहून ये. तो अर्ध्या वाटेवरून परत आला अन् म्हणाला, बरे आहेत. नंतर कळलं, ते खरंच बरे होते."

माझी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"पण तो गेला नाही," तुझी आई म्हणाली.

"नाही गेला."

मग तिचाही आवाज चढला. "तरी तू चूप राहिली असती तं काय बिघडलं असतं वं? त्याच्या बापानं साऱ्या गावात पेढे वाटले. आता ते तोंड कसं दाखवतीन? तुह्या एकटीच्या रागापायी?"

माझी आई तेव्हा बोलली. माझ्या आईला तू ओळखतोस, ती आवाज चढवत नाही. म्हणाली, "प्रयागबाई, माझी मुलगी दोन वर्षं या घरात स्वतःला बिनकामाची म्हणत होती. ते तुमच्या मुलाला माहीत होतं. त्याला एकट्यालाच माहीत होतं की ती तशी नाही. तो का चूप राहिला?"

तुझ्या आईनं पदर डोळ्यांना लावला. जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "अन् तुमच्या दोघायच्या सोयरिकीचं काय?"

आता लिहावंच लागेल. नोव्हेंबरात ती तांदूळ घेऊन आली ती मला मागायला आली होती. पियुषची मर्जी आहे, असं म्हणाली. मी तिला म्हटलं होतं, मी आधी त्याच्याशी बोलते. मंगळवारी मी तुला फोन केला तो दोन गोष्टी सांगायला. एक खड्ड्याची. दुसरी मी व्हरांड्यात उभी राहून मनात चारदा म्हणून पाहिली होती, कारण आपण इतकी वर्षं नुसते एकमेकांची थट्टा करत आलो आणि नीट शब्दांत हो म्हणायचं कसं ते मला येत नव्हतं. पहिली गोष्ट ऐकून तू जे बोललास त्यानंतर दुसरी माझ्या तोंडातून निघाली नाही. आता निघणारही नाही.

तुझ्या आईला मी म्हटलं, "मावशी, सोयरीक नाही." तिनं मान हलवली आणि पायऱ्या उतरली. आई तिला बसस्टॉपपर्यंत सोडून आली.

आज सकाळी मी संपादकांना मेल पाठवली. माझ्या नावानं, सरांना प्रत लावून. लपून काही केलेलं नाही.

हर्षा


प्रताप नगर, नागपूर
३० मार्च २०२५

पियुष,

ऊन तापायला लागलंय. आईचे स्वेटर पेटीत गेले. माझी तब्येत बरी आहे, झोप येते, जेवण जातं. तुझी विचारपूस करत नाही.

जे झालं ते तुलाही माहीत आहे, पण तू ते स्क्रीनवरून पाहिलंस. मी खोलीत होते. म्हणून लिहिते.

माझ्या मेलवरून नेमलेल्या चौकशी समितीला तू जानेवारीत पाठवलेलं उत्तर त्यांनी मला वाचायला दिलं. तू लिहिलं होतंस, त्या आठवड्यांत प्रकाशाची सगळी मांडणी हर्षा लांजेवारनं लावली होती, मोजमापात चूक असल्यास ती तिथून आलेली असू शकते. आणि सरांनी खाली लिहिलं होतं, "मला नेमकं आठवत नाही."

पियुष, तोपर्यंत माझ्या रागाला कुठंतरी तळ होता. रात्री कधी वाटायचं, पोरगा घाबरला असेल, कुहीतून निघून तिथवर गेला, पाय घसरला असेल. त्या दिवशी तळही गेला. खोटा ग्राफ तू घाईत बनवलास, मानलं. हे वाक्य तू जर्मनीत बसून, सावकाश, विचार करून लिहिलंस. माझं आडनावसुद्धा नीट लिहिलंस.

मी समितीला सांगितलं की मी त्यांच्यासमोर मोजून दाखवते.

समितीच्या अध्यक्ष बाहेरून आल्या होत्या, साठीच्या असतील, पायात स्पोर्ट शूज, खूप कमी बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत दोघं जण, भिंतीला टेकून गावंडे सर, आणि टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये तू. दाढी वाढवलेली. कामिनीनं पडदे ओढले. मी ठिपका लावला, मोजणी सुरू केली. ग्राफ भरू लागला, मध्ये पोकळी धरू लागली, आणि ठिपका विझला.

सर खाकरले.

मी म्हटलं, "थांबावं लागेल. येतो तो."

आम्ही अंधारात थांबलो. न आला असता तर काय झालं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आताही नाही. तो आला. रंग किंचित सरकलेला. मी पुन्हा नीट लावून घेतलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "असं नेहमी होतं?"

"हो मॅडम. शेजारी एखादा भार इकडचा तिकडे झाला तरी अडकलेल्या जोडीचा रंग सरकतो. कधी ती विझूनच जाते. आमच्या सॅम्पलमध्ये अजून एकही ठिपका पूर्णवेळ टिकलेला नाही. समोर बसून राहावं लागतं."

त्या लॅपटॉपकडे वळल्या. "तुमच्या मोजणीत हा किती वेळा विझला?"

तू म्हणालास, "नाही विझला, मॅडम. स्थिर होता."

"पूर्ण वेळ?"

"हो."

"रंग सरकला?"

"नाही."

त्या हातातला चष्मा पुसत राहिल्या. मला मध्ये बोलायची परवानगी नव्हती, तसं आधीच बजावलं होतं. पण तू स्क्रीनवर मान खाली घालून बसला होतास, आणि मला ते 'स्थिर होता' सहन होईना. माझ्या तोंडून आपली घरची भाषा निघाली.

"पियुष, तुनं तो ठिपका पाहिला होता का गा?"

सर म्हणाले, "हर्षा, प्लीज." अध्यक्षबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

तू म्हणालास, "नाही."

"अन् मांडणी मी लावली होती?"

"मांडणी कोणीच लावली नव्हती. त्या दिवशी लेसर चालूच नव्हता."

कामिनीनं पडदे उघडले तेव्हा सगळे डोळे चोळत होते. मागे स्क्रीनवर ग्राफ भरतच होता, खड्डा खोल होत चालला होता, आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

पेपर मागे घेतला गेला. कारण स्पष्ट लिहिलंय, तू वाचलं असशील. गावंडे सरांना नवीन विद्यार्थी घेता येणार नाहीत, ते आता जिन्यात समोर आले तर भिंतीवरची नोटीस वाचायला लागतात. मला दुसरे गाइड मिळाले. त्यांना या विषयातलं फारसं येत नाही, तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्यामुळे आमचं बरं चाललंय. कामिनीनं भिंतीवरचा तुझा ग्राफ काढला. तिथे नवीन काही लावायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नको ताई, कोरीच बरी दिसते."

तुझी जर्मनीतली नोकरी गेल्याचं तुझ्या आईनं माझ्या आईला फोनवर सांगितलं. पुढच्या महिन्यात तू कुहीला येतोयस म्हणे. तुझ्या बाबांनी विचारलं, "लेकाले घ्यायले एअरपोर्टवर जाऊ का नको?" तुझ्या आईनं त्यांना म्हटलं, "जा. माह्याच पोटचा आहे." तू घरी येतोयस हे बरं आहे. त्यांच्याशी खरं बोल. त्यांना मी पुन्हा काही समजावून सांगणार नाही.

लोक मला म्हणतात, झालं ना आता, जिंकलीस ना, राग सोड. डिपार्टमेंटमधले म्हणतात, माझी सख्खी मावशी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात. आई मात्र म्हणत नाही. मी काय जिंकले ते मला कोणी सांगावं. तो खड्डा पहिल्यांदा दिसला तेव्हाचा आनंद माझा होता, उभ्या आयुष्यात एकदाच यावा असा. तो मला पुरती एक दुपारसुद्धा मिळाला नाही. त्याची भरपाई समितीकडे नाही आणि तुझ्याकडेही नाही. राग माझा आहे. तो केव्हा संपवायचा ते मी ठरवीन.

तू समितीपुढे खरं बोललास, हे तुझ्या बाजूनं आहे. ते मी आईलाही सांगितलं. त्यानं तुझं जानेवारीतलं वाक्य पुसलं जात नाही.

आता ज्या कामासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. माझा पेपर तयार झालाय. काल रात्रीपर्यंत एका जागी अडले होते. थर खांबांवर ताणून बसवायचा, म्हणजे जोडी तिथेच अडकते, आणि आपल्याकडच्या साध्या साधनांनी ते खांब कसे घडवायचे, ही युक्ती तुझी होती. मेडिकल चौकातल्या टपरीवर तू ती मला पोह्याच्या प्लेटवर चमचे मांडून समजावली होतीस. तुझं नाव गाळणं सोपं होतं. नव्या गाइडनी सुचवलंही, "कशाला वाद वाढवता?" माझ्याही मनात होतं. नाव लिहून मी दोनदा पुसलं.

तिसऱ्यांदा लिहिलं ते ठेवलं. पेपरमध्ये शेवटी एक ओळ आहे, की खांबांची ही रचना पियुष तितरमारे यांनी सुचवली. मेहेरबानी म्हणून लिहिलेलं नाही, आणि माफी समजू नकोस. ते तसं घडलं होतं, म्हणून लिहिलंय.

ओळ जशीच्या तशी सोबत पाठवतेय. त्यात काही चुकीचं असेल तरच उत्तर दे. नसेल तर नको.

हर्षा लांजेवार